एमसीए करावं की नोकरी बघावी? सांगली-साताऱ्यातल्या मुलामुलींसाठी निर्णयाच्या पायऱ्या

बीसीएस नाहीतर बीसीए या तीन वर्षांच्या संगणक पदवीचं शेवटचं सेमिस्टर संपत आलं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता एवढं शिकलायस, तर एमसीए पण करून टाक की." कधी वडील म्हणतात, कधी पुण्यात असलेला मामा. का करायचं ते मात्र कुणी सांगत नाही. मुलगा किंवा मुलगीही जास्त विचार करत नाही, कारण हातात नोकरी नसते आणि 'गॅप' या शब्दाची सगळ्यांनी मिळून धास्ती घेतलेली असते. मग दोन वर्षं आणि दीड-दोन लाख रुपये घालवून पोरं पुन्हा तिथेच उभी राहतात, फक्त समोरच्या रांगेत आता दोन वर्षांनी लहान मुलं असतात.

एमसीए, म्हणजे संगणकातली मास्टर्स पदवी, वाईट असं माझं म्हणणं नाही. आपल्या भागातल्या बऱ्याच मुलांसाठी ते योग्यच असतं. पण ही पदवी कोडिंग शिकण्यासाठी घ्यायची नसते, ते घरी बसूनही शिकता येतं. जिथे मास्टर्सशिवाय अर्जच घेत नाहीत अशा ठिकाणी जायचं असेल, किंवा कॅम्पस मुलाखतीची दुसरी संधी हवी असेल, तर ही पदवी उपयोगाची. बाकी सगळी कारणं मी दुय्यम मानतो.

पहिली पायरी: एक वाक्य पुरं करा

वहीच्या पानावर लिहा: "मला अमुक काम करायचंय, आणि मास्टर्सशिवाय तिथे मला अर्ज करता येत नाही." 'अमुक'च्या जागी खरं पद, खरी परीक्षा किंवा खरा देश आला पाहिजे. 'आयटीत चांगली नोकरी' हे उत्तर धरायचं नाही.

हे वाक्य कुठे कुठे खरं ठरतं ते बघू.

सरकारी बँकांतलं आयटी ऑफिसरचं पद घ्या. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेत या पदाला संगणक, आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्सची चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी लागते, नाहीतर संगणकशास्त्र, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स अशा विषयातली पदव्युत्तर पदवी. नुसत्या बीसीएस, बीसीएवर अर्ज भरता येत नाही. (पदवीसोबत नायलिट या सरकारी संस्थेची 'बी' लेव्हल परीक्षा पास असली तरी चालतं. ही वाट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.) वयाची मर्यादा खुल्या गटाला २० ते ३० वर्षं. बँकेची नोकरी म्हटलं की आपल्याकडे घरचे एका पायावर तयार असतात, पण या पदाबद्दल तासगाव-विट्याकडच्या किती घरांत माहिती असते, कोण जाणे. जनरल क्लार्क-पीओच्या गर्दीपेक्षा ही रांग छोटी असते आणि तुमचा विषय इथे कामाला येतो. हे ध्येय असेल तर एमसीए करा, त्यात दुमत नाही.

दुसरं, शिकवणं. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर मास्टर्सला ५५ टक्के (राखीव गटांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास पाहिजे. महाराष्ट्रात सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या भागातले बहुतेक बीसीएस-बीसीए वर्ग विनाअनुदानित आहेत. तिथे सुरुवात तासिका तत्त्वावर होते, सीएचबीवर. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. सेट पास होऊन वर्षानुवर्षं सीएचबीवरच असलेले शिक्षक तुमच्या स्वतःच्या कॉलेजात असतील. त्यांना स्टाफरूममध्ये नाही, बाहेर चहाला गाठून विचारा. खरं काय ते सांगतील.

तिसरं, सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा पीजी-डॅक. सहा महिन्यांचा हा डिप्लोमा पुण्यात तर होतोच, कराडलाही हा शिकवणारं केंद्र आहे, म्हणजे सातारा-सांगलीच्या मुलांना अगदी अंगणात. पण त्याच्या पात्रतेच्या यादीत अभियांत्रिकी पदवीधर आहेत, एमसीए आहे, संगणकातली एमएस्सी आहे. तीन वर्षांचे बीसीए, बीसीएसवाले बहुधा त्यात बसत नाहीत. इंजिनिअर मुलांनी मात्र एम.टेक.चा विचार करण्याआधी याकडे बघावं. नोकरीच मिळवायची असेल तर दोन वर्षांपेक्षा सहा महिने बरे.

चौथं, परदेश. त्याबद्दल खाली लिहिलंय.

यातलं एकही लागू होत नसेल तर राहतं दुसरं कारण, कॅम्पसची दुसरी संधी. तुमच्या बीसीएसच्या कॉलेजात कंपन्या आल्याच नाहीत आणि एमसीएच्या ज्या कॉलेजात जाताय तिथे खरोखर येतात, तर दोन वर्षं घालवणं समजण्यासारखं आहे. पण त्या कॉलेजातही येत नसतील तर? मग तुम्ही फक्त बाक बदललात.

दुसरी पायरी: तुमची पदवी तीन वर्षांची की चार?

इथे रस्ते पार वेगळे होतात, आणि एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला सांगण्याची चूक नातेवाईक हमखास करतात.

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचं आरआयटी अशा ठिकाणाहून बी.टेक. झालेल्याला वर सांगितलेल्या बहुतेक अटी आधीच पुऱ्या असतात. आयटी ऑफिसरचा फॉर्म तो भरू शकतो, सी-डॅकलाही बसू शकतो. त्याने एम.टेक. करावं ते संशोधन, अभियांत्रिकी कॉलेजात अध्यापन किंवा आयआयटी-एनआयटीचा शिक्का यासाठी, आणि तेही गेट ही प्रवेश परीक्षा देऊन. गेटच्या आधारे प्रवेश घेतलेल्याला एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती २४ महिने मिळू शकते. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही सुरू झालाय. गेटशिवाय, स्वतःची फी भरून, जवळच्या कॉलेजात 'रिकामं बसण्यापेक्षा' म्हणून केलेलं एम.टेक. मला तरी कुणाच्या कामी आलेलं दिसत नाही.

बीसीएस-बीसीएवाल्यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी एमसीए म्हणजे चार वर्षांच्या पदवीवाल्यांच्या ओळीत येऊन उभं राहणं. कित्येक कंपन्या तीन वर्षांच्या पदवीधरांना वेगळ्या, कमी पगाराच्या भरतीतून घेतात आणि एमसीएवाल्यांना इंजिनिअर मुलांसोबत बसवतात. हा फरक खरा आहे आणि पगाराच्या स्लिपवर दिसतो.

नव्या शैक्षणिक धोरणातल्या मुलांपुढे आता चौथ्या वर्षाचाही प्रश्न आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर एमएस्सी एका वर्षात करता येते. एमसीए मात्र दोन वर्षांचंच. (२०२० पर्यंत ते तीन वर्षांचं होतं. काकांचा सल्ला त्या काळातला असेल तर सांभाळून.)

तिसरी पायरी: एमसीए, एमएस्सी की आणखी काही

एमसीएचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. १०० प्रश्न, २०० गुण, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गणित-संख्याशास्त्र ३०, तर्क ३०, इंग्रजी २०, संगणक २० अशी प्रश्नांची वाटणी. बारावीला किंवा पदवीला गणित नसेल तर पात्रतेचा नियम आधी नीट वाचा.

गणित ज्याचं खरंच चांगलं आहे त्याने निमसेट द्यावी. तिच्यातून एनआयटींच्या एमसीएला प्रवेश मिळतो, आणि कॅम्पसच्या बाबतीत ती जागा राज्यातल्या बहुतेक कॉलेजांपेक्षा उजवी. आपल्याकडून या परीक्षेला बसणारी मुलं इतकी कमी, की क्लासवाल्यांनाही तिच्यात रस नाही. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून सीईटीच्या सवयीने सगळ्याच प्रश्नांना अंदाजाने उत्तरं ठोकून येऊ नका.

एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सची फी सहसा एमसीएपेक्षा कमी. शिवाजी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात होते, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या काही कॉलेजांतही. नेट-सेट, संशोधन किंवा बँकेची परीक्षा हेच ध्येय असेल तर एमएस्सीने तेवढंच काम होतं आणि खिशाला कमी चाट बसते. कॅम्पसच्या आशेने जाणाऱ्याने एमसीएच धरावं.

एमबीए आयटीबद्दल एवढंच, की दोन-तीन वर्षं काम केल्याशिवाय करू नका.

चौथी पायरी: हिशेब, कागदावर

हा भाग लोक टाळतात. फीचा आकडा सगळ्यांना माहीत असतो, पण दोन वर्षं न मिळालेला पगार कुणी मोजत नाही.

समजा, सांगलीच्या एका मुलाला पुण्यात टेस्टिंगची नोकरी लागतेय, हातात २०,०००. कॉट बेसिसवरची खोली, मेस, पीएमपीचा पास आणि महिन्या-दीड महिन्याने गावी येणं जाऊन महिना ८,००० उरतात. दोन वर्षांत १ लाख ९२ हजार. तोच मुलगा घरी राहून सांगलीतच एमसीए करतो: फी वर्षाला ८०,००० धरू, वर परीक्षा, प्रोजेक्ट, पेट्रोल मिळून दोन वर्षांचे २०,०००. म्हणजे १ लाख ८० हजार. दोन्ही मिळून एमसीएची खरी किंमत ३ लाख ७२ हजार.

आता पुढचं. एमसीए झाल्यावरच्या पगाराची तुलना आजच्या २० हजारांशी करायची नाही. तुलना करायची ती नोकरी धरली असती तर दोन वर्षांच्या अनुभवावर जो पगार मिळाला असता त्याच्याशी. समजा तिथे ३०,००० मिळत असते आणि एमसीएनंतर ३५,००० मिळाले. फरक महिन्याला ५,०००, वर्षाला ६० हजार. ३ लाख ७२ हजार वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त. तोच फरक १२,००० असेल तर साधारण अडीच वर्षांत पैसे वसूल. म्हणून एमसीएनंतर त्या विशिष्ट कॉलेजातून नक्की किती मिळतात, हा आकडा हिशेबात सगळ्यात मोलाचा. त्यासाठी पाचवी पायरी.

आणि हातात नोकरीच नसेल तर? तर पगाराच्या जागी शून्य लिहा, पण प्रामाणिकपणे. मुलाखती किती दिल्या? गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) दाखवण्यासारखं काही आहे का? अर्जच न करता 'नोकऱ्या नाहीत' म्हणत असाल, तर दोन वर्षांनी एमसीए नाव लागूनही तेच म्हणाल.

सातारकरांचं गणित जरा वेगळं बसतं. पुणं ११० किलोमीटरवर, शनिवारी संध्याकाळी स्वारगेटहून गाडी धरली की रात्रीच्या जेवणाला घरी. सांगली त्याच्या दुप्पट लांब, तिथल्या मुलाला दर आठवड्याला घरी येणं परवडत नाही आणि शक्यही नाही. मग सांगलीकर घरी राहून शिकण्याकडे झुकतो. ते चुकीचं नाही, पण 'घरापासून जवळ' या एकाच कारणावर कॉलेज ठरवलंत तर कॅम्पसचं कारण वहीतून खोडा.

कर्जाचं थोडक्यात. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, साडेसात लाखांच्या वर मागतात. ३ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ६,४०० रुपये, शिवाय शिकत असताना साचलेलं व्याज वेगळं. वर काढलेला महिन्याचा फरक या हप्त्यापेक्षा कमी येत असेल तर कर्ज काढून एमसीए करू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना विनातारण, विनाजामीन कर्ज देते, पण ठरावीक दर्जाच्या संस्थांनाच. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते बँकेत जाण्याआधी बघून घ्या.

मुलींसाठी हिशेब अगदीच बदलतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठाच्या शाखेत घेतलात तर ही सवलत नाही. मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शुल्क मिळू शकतं, उत्पन्नाची मर्यादा तीच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, आणि ते कुणी कागदावर लिहीत नाही. नोकरीसाठी पुण्याला एकटी पाठवायला तयार नसलेलं घर 'शिकायला' म्हणून हॉस्टेलवर पाठवतं, आणि स्थळं बघणंही दोन वर्षं लांबतं. माझ्या मते हे कारण अगदी वैध आहे. अशा वेळी पैशाचा हिशेब थोडा तोट्यात गेला तरी जा.

पाचवी पायरी: कॉलेजच्या जाहिरातीच्या मागे काय आहे

जूनमध्ये सांगलीत विश्रामबागच्या चौकापासून साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत फ्लेक्स लागतात: शंभर टक्के प्लेसमेंट, सर्वोच्च पॅकेज इतके लाख. त्या सर्वोच्च पॅकेजचा तुम्हाला काही उपयोग नाही. ते एका मुलाचं असतं, आणि तो मुलगा कुठेही गेला असता तरी त्याला ते मिळालंच असतं.

कॉलेजात जाऊन प्लेसमेंट ऑफिसरला चार गोष्टी विचारा, आणि उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या. मागच्या वर्षी एमसीएला एकूण किती मुलं होती? त्यातली किती प्लेसमेंटसाठी 'पात्र' धरली? (शंभर टक्क्यांचा चमत्कार बहुतेक वेळा इथेच घडतो. साठातली पंचवीसच पात्र धरायची आणि पंचवीसही लावून दाखवायची.) ऑफर लेटर किती जणांच्या हातात पडली? आणि त्यातले प्रत्यक्ष रुजू किती झाले? कंपनीने ऑफर देऊन वर्षभर जॉइनिंगच न देण्याचे प्रकार आपल्या मुलांनी भरपूर सोसलेत. पगाराची उतरंड लावली तर मधल्या मुलाचा आकडा काय, हेही विचारा. सीटीसी (कंपनीने कागदावर दाखवलेला एकूण आकडा) नको, हातात येणारा.

कॉलेजने उत्तर दिलं नाही तर तेच उत्तर समजा.

मग दुपारच्या सुट्टीत कँटीनला दुसऱ्या वर्षाची मुलं गाठा. त्यांना 'कॉलेज कसं आहे' विचारलं तर 'चांगलंय' म्हणतील. त्यापेक्षा विचारा, शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप कुठे केली, पैसे मिळाले की उलट भरावे लागले? लॅबला शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं? प्रोजेक्ट स्वतः केला की विकत आणला? प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानाचा पत्ता ज्या कॉलेजातल्या सगळ्यांना पाठ आहे, तिथे काय शिकवत असतील याचा अंदाज तुम्हीच बांधा. गेल्या वर्षीच्या मुलांना लिंक्डइनवर शोधा. कॉलेजचं नाव आणि वर्ष टाकलं की दहा-वीस चेहरे सहज सापडतात, आणि ते आज काय करतायत ते दिसतं. हे संध्याकाळभराचं काम आहे आणि कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरं.

पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार तेही विचारा. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय, काही कॉलेजं स्वायत्त झाली आहेत, बाकीची शिवाजी विद्यापीठाला संलग्न. यात चांगलं-वाईट काही नाही, पण अभ्यासक्रम वेगवेगळे आहेत. तो डाउनलोड करून वाचा आणि पाच-दहा वर्षांत बदललाय का ते बघा.

सहावी पायरी: नोकरी धरून करता येईल का?

हातात नोकरी असेल तर माझा कौल बहुतेक वेळा इकडेच. यूजीसीची मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. इग्नूचं एमसीए यासाठी जुनं आणि स्वस्त नाव. वरची पात्रतेची अट पुरी होते, पगारही चालू राहतो. मात्र कॅम्पस मिळत नाही, आणि रोज रात्री नऊनंतर पुस्तक उघडण्याची शिस्त लागते. जाहिरातीतल्या विद्यापीठाला ऑनलाइन एमसीएची परवानगी आहे का, ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्याच वर्षाच्या यादीत बघा. गेल्या वर्षीची यादी चालत नाही.

विप्रो बीसीए-बीएस्सीच्या मुलांना नोकरीत घेऊन स्वतःच्या खर्चाने एम.टेक. करवते, बदल्यात पाच वर्षं राहण्याचा करार असतो. पगार सुरुवातीला कमी वाटतो आणि करार लांबलचक. तरीही घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाला मी हे एमसीएच्या आधी सुचवेन.

परदेशाचं स्वप्न असेल तर

अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बीसीएस झालेल्याचं पंधरा भरतं. एमसीए किंवा चौथं ऑनर्स वर्ष ही त्रुटी भरून काढतं. शिक्षणानंतर तिथे आयटीवाल्यांना एक अधिक दोन अशी तीन वर्षं काम करता येतं, पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाल्यापासून, शेत गहाण टाकून तिकडे जाण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, पण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि पदवीची कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र लागतं. खर्च झेपणार असेल आणि भाषा शिकायची तयारी असेल तर सध्या मला तोच रस्ता बरा वाटतो.

शेवटची पायरी: ठरलं असेल तर कागदं आत्ताच

सीईटीचा फॉर्म साधारण वर्षाच्या सुरुवातीलाच निघतो. निकालाची वाट बघत बसलात तर ते वर्ष गेलं. शेवटच्या वर्षाची मुलंही परीक्षेला बसू शकतात, म्हणून निर्णय पक्का नसला तरी फॉर्म भरून ठेवा. हजार-बाराशे रुपयांत पर्याय शिल्लक राहतो.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जात पडताळणी ही कागदं एप्रिलमध्येच मार्गी लावा. जूनमध्ये सेतूत गेलात तर दहावी-बारावीच्या पालकांची झुंबड असते. नॉन-क्रीमीलेअर प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. जुनं पत्र पुढे करून जागा घालवणारी मुलं दरवर्षी असतात. आणि कॅपचा पसंतीक्रम भरताना पाचव्या पायरीत तपासलेली कॉलेजंच टाका. तीनच निघाली तर तीनच. यादी लांब दिसावी म्हणून खाली नको ते कॉलेज टाकलंत तर नेमकं तेच लागतं, मग घरचे म्हणतात, लागलंय तर घे.